वेण्णारकाठची नक्कल

९ जून २०२५, सोमवार

आज बागेत एका बाईने माझ्या आवाजात बोलून दाखविले आणि आठ बायका हसल्या.

गेलो होतो छत्री आणावयास. माझ्या पत्नीची, राजलक्ष्मीची छत्री मार्चपासून वेण्णार नदीकाठच्या बागेत पहारेकऱ्याच्या खोलीत पडून होती. त्याचा दुसरा निरोप आला म्हणून गेलो. नदीच्या कठड्याजवळ, कडुलिंबाच्या पारावर बायकांचा घोळका बसला होता. मध्ये एक उंच, चष्मा लावलेली बाई उभी — हात पाठीमागे बांधलेले, मान ताठ. ती म्हणत होती, "राजलक्ष्मी, ज्या वस्तूला जागा नेमून दिली आहे, ती वस्तू त्या जागीच असावयास हवी. मीठ कोठे आहे?"

हे वाक्य माझे आहे. माझ्या स्वयंपाकघराबाहेर ते कोणीही ऐकलेले नाही. ऐकणारी एकच होती, आणि ती पंचवीस मार्चला गेली.

कोणी तरी हरभऱ्याचे सुंडल खाता खाता म्हणाली, "तसं नाही, वाणी. अजून सावकाश. अक्का मिठाच्या आधी थांबायच्या."

छत्री घेऊन परतलो. जेवलो नाही.

१० जून, मंगळवार

पहारेकरी नटराज याला विचारले. त्याने काही लपविले नाही.

"सार, हे रोजचंच. राजीअक्का आल्या की सगळ्या विचारायच्या, आज सुपरिंटेंडेंट काय म्हणाले? मीसुद्धा गेट सोडून ऐकायला यायचो." सुपरिंटेंडेंट म्हणजे मी; निवृत्तीपूर्वीचा माझा हुद्दा.

सात वर्षे, रोज पाच ते साडेसहा. डॉक्टरांनी चालावयास सांगितले होते. ती चालत आहे, असे मी समजत होतो. तिची साखर का उतरत नव्हती, ते आज कळले.

१२ जून, गुरुवार

मीठ, टपालाचे तिकीट, वर्तमानपत्राची घडी, पाहुण्यांसमोर बसण्याची रीत — यांपैकी कशाबद्दल मी बोललो आणि ती हसली, असे एकदाही घडले नाही. ती म्हणे, "बरं." अडतीस वर्षे "बरं". मी त्या शब्दाचा अर्थ मान्यता असा घेत आलो. ती पाठांतर करीत होती.

माझे वागणे जाचक होते, तर मला सांगावयाचे होते. नऊ परक्या बायकांना आणि एका पहारेकऱ्याला का? आणि आता जाब कोणाला विचारावा? तिने तीही सोय ठेवली नाही.

या वहीत काय लिहिता, असे ती पूर्वी विचारी. घरात नागरी लिपी वाचणारा मी एकटाच. मी सांगत असे, हवामान.

आज हवामान उष्ण.

१३ जून, शुक्रवार

बागेच्या फाटकावर तमिळमध्ये हाताने लिहिलेला कागद. रविवारी बावीस तारखेला, सायंकाळी साडेपाचला, बागेतल्या छोट्या मंचावर राजीअक्कांच्या आठवणींचा कार्यक्रम. सर्वांना आमंत्रण.

पारावर गेलो. वाणीबाई एकट्याच होत्या. निवृत्त शिक्षिका, आपल्याच लोकांपैकी, मराठी बोलणाऱ्या.

"बाळकृष्णराव ना? या की हो. पहिली खुर्ची तुमची."

"कार्यक्रमात काय आहे?"

त्या नदीकडे पाहू लागल्या. "थोडं गाणं. थोड्या आठवणी. आणि थोडे तुम्ही."

माझी या प्रकाराला सक्त मनाई आहे, असे मी स्पष्ट सांगितले.

"हेही अक्का करायच्या," वाणीबाई म्हणाल्या. "बोट असं वर धरून."

माझे बोट वर होते. खाली घेतले. त्या हसल्या नाहीत, हे मला अधिक लागले.

१४ जून, शनिवार

उद्यान-कार्यालयाकडे तक्रार लिहिली. नियमावलीचे कलम नऊ उद्धृत केले: कोणाही व्यक्तीची मानहानी होईल असा कार्यक्रम मंचावर करता येणार नाही. दोन प्रती काढल्या. पोचपावती घेतली.

दुपारी कोइमतूरहून शांभवीचा फोन. मुलीला सांगावे की नाही, या विचारात होतो, शेवटी सांगितले.

"अप्पा, अम्मा घरीही करायची."

"कोणासमोर?"

"आमच्यासमोर. तुम्ही ऑफिसला गेलात की. श्रीहर्ष तर तुमची पिशवी खांद्याला लावून मागे मागे चालायचा." मग घाईने म्हणाली, "फार छान करायची, अप्पा."

म्हणजे मुलगाही. या घरात नाटक चालू होते आणि तिकीट नव्हते ते फक्त मला. फोन ठेवला. निरोप न घेता ठेवला.

१९ जून, गुरुवार

तक्रार मान्य. कार्यक्रमास परवानगी नाकारली. पाच दिवसांत निकाल — माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत एवढ्या वेगाने हललेला कागद मी पाहिलेला नाही.

सायंकाळी जाऊन खात्री करून आलो. नटराज फाटकावरचा कागद काढीत होता. नेहमी "सार" म्हणतो. आज म्हणाला नाही. पारावर कोणी नव्हते.

माझे म्हणणे न्याय्य होते. आजही आहे.

२१ जून, शनिवार

सकाळी वाणीबाई दाराशी आल्या. आत या म्हणालो, आल्या नाहीत. उंबऱ्याबाहेर उभ्या राहूनच त्यांनी माझ्या फोनवर काही पाठविले. "जानेवारीतलं आहे. आता आम्ही हे कुठे लावणार? तुमच्याकडे असू दे." आणि गेल्या.

दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण. तिचा आवाज. माझ्याकडे तिचा आवाज नव्हता. साठवून ठेवावा, असे कधी सुचले नव्हते.

तिच्या आजाराच्या तपासणीचा अहवाल आल्याच्या दुसऱ्या दिवशीचे असावे. ती माझ्या स्वरात बोलत होती — "राजलक्ष्मी, सकाळी आठला पांढरी गोळी, एकला पिवळी. हे वेळापत्रक मी एप्रिल दोन हजार सव्वीसपर्यंत आखले आहे. तोपर्यंत तुला कोठेही जाता येणार नाही." बायका हसल्या. तीही हसली; मधेच खोकली.

हे मी म्हणालो होतो. शब्दन्‌ शब्द.

कोणी तरी विचारले, "मग तुम्ही काय म्हणालात, अक्का?"

पुढे तिचा स्वतःचा आवाज. "मी काय म्हणणार? बरं म्हटलं. मग ते न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून रडले. नळाच्या आवाजात ऐकू येत नाही, असं त्यांना वाटतं."

"ते करून दाखवा की."

"नाही," ती म्हणाली. "ते मी करणार नाही."

मग नुसता पाखरांचा कलकलाट. ध्वनिमुद्रण तेथे संपते.

२२ जून, रविवार

साडेपाचला बागेत गेलो. मंच रिकामा. साडेसहापर्यंत बसलो. कोणी आले नाही — मीच येऊ दिले नव्हते.

२३ जून, सोमवार

मंचासाठी नवा अर्ज दिला. कार्यक्रमाचे स्वरूप: नक्कल. सादरकर्त्या: वाणीबाई. खिडकीवरचा कारकून म्हणाला, मागच्या खेपेस एका गृहस्थांनी हरकत घेतली होती. ज्यांची नक्कल करावयाची त्यांची लेखी संमती लागेल, आणि ते काही देणार नाहीत. कागद मागून घेतला. तेथेच उभ्याने लिहून दिली.