स्कार्फ बांधून कॅमेरा बघायला

इटियाडोह
ता. १२ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. मंजूताईस,
नीतूचा शि. सा. न. वि. वि.

फोन केला की तुझ्या घरी तो स्पीकरवर असतो, आणि इथे आरोग्य उपकेंद्रात रेंज खिडकीपुरतीच. गुपितं सांगायला आपली पत्रंच बरी.

गुलाबचंदमामांनी स्थळ आणलंय. मुलाचं नाव इंद्रकुमार, गोंदियाच्या बाजारात त्याचं कॅमेऱ्याचं दुकान आहे. आई-बाबांना पसंत आहे. गावी चोरखमाऱ्याला खळ्यात धान चुरता चुरता त्यांनी मांडवाची जागासुद्धा ठरवली असेल. मला मात्र भीती वाटते. मागच्या मुलाची कायम म्हणून सांगितलेली नोकरी कधीच सुटली होती, ते साखरपुड्याच्या तोंडावर शेजारणीकडून कळलं. तेव्हापासून ठरवलंय, दिसायला कसाही असो, खोटं बोलणारा नको. आणि हा तर दुकानदार. गोड बोलणं हाच त्याचा धंदा. बघण्याच्या कार्यक्रमात सगळेच शहाण्यासारखे बसतात, त्यातून मला काय कळणार?

तेव्हा तू गिऱ्हाईक होऊन जा, कुडव्याहून जवळच आहे. ओळख देऊ नको. नको ती वस्तू गळ्यात मारतो का, एवढंच बघ. मामांना महिनाअखेरीस उत्तर हवंय, आणि तू सांगशील तेच मी सांगणार आहे. भाऊजींना आणि तुझ्या सासूबाईंना नमस्कार.

धाकटी कामं सांगते म्हणून माया कमी करू नये, ही विनंती.

तुझी,
नीतू


कुडवा
ता. १७ नोव्हेंबर २०२४

चि. नीतूस,
मंजूताईचे अ. उ. आशीर्वाद.

कामगिरी फत्ते. स्कूटीवर बांधते तसाच स्कार्फ बांधून दुकानात शिरले, नुसते डोळे उघडे. सख्ख्या नवऱ्याने ओळखलं नसतं.

निमित्त घरातच होतं. फ्लॅश पडला की आमच्या सासूबाईंचे डोळे मिटतात. लग्नापासूनच्या एकाही फोटोत त्या जाग्या नाहीत. त्यांचंच म्हणणं, मेल्यावर डोळे मिटाचेच आहेत, फोटोत तरी उघडे राहू दे. आणि त्यांची बसायची जागा चुलीजवळच्या कोपऱ्यात, जिथे भरदुपारीही अंधार. तुझ्या भाऊजींच्या मोबाईलवर तिथे नाक-डोळे सगळं पुसून निघतं. काउंटरवर तो स्वतःच होता, त्याला हे सगळं सांगितलं आणि म्हटलं, फ्लॅशशिवाय चालेल असा लहानसा कॅमेरा दाखवा.

मी मुद्दाम सगळ्यात महागड्यावर, लांबलचक झूमवाल्यावर बोट ठेवलं. त्याने तो परत कपाटात ठेवला. म्हणाला की हा पाखरं टिपायला चांगला, तुमच्या कोपऱ्यात कामाचा नाही, झूम ओढत न्याल तसा उजेड कमी होत जातो. मेगापिक्सेलचं विचारलं तर म्हणाला, ते राहू द्या, आतला सेन्सर मोठा पाहिजे, अंगण मोठं असलं की धान जास्त वाळते तसं. लेन्सवरचा आकडा मात्र लहान हवा, १.८ सारखा. मला वाटत होतं, मोठा आकडा म्हणजे मोठं काम. आकडा लहान तर उजेड जास्त, हे माझ्या डोक्यात शिरेपर्यंत त्याने न कंटाळता तीनदा सांगितलं. मग तसा एक लहानगा कॅमेरा काढला आणि दुकानाचं शटर अर्धं ओढून, दिवे मालवून, दोन्ही कॅमेऱ्यांनी काउंटरखालच्या अंधाराचे फोटो काढले. महागड्यात नुसते रवाळ ठिपके. लहानग्यात त्याच्या दुकानातली धूळ स्वच्छ दिसली, आणि तीही त्याने मला दाखवली.

शेवटी म्हणाला, घरी घेऊन जा, तुमच्या कोपऱ्यात चालला तरच पैसे द्या.

चालला. सासूबाई टक्क बघतायत. कितीतरी वेळ त्यांनी स्वतःचा फोटो न्याहाळला आणि मग विचारलं, मी एवढी रागीट दिसतो त कोणी सांगलं काऊन नाही. आम्ही पोट धरून हसलो, त्याही हसल्या. घरात इतका आनंद फार दिवसांनी पाहिला.

मुलगा पास आहे, नीतू. माझी हमी. डोळे मिटून हो म्हण.

लोभ आहेच, पत्रास उशीर करू नको.

तुझी,
मंजूताई


कुडवा
ता. २० नोव्हेंबर २०२४

चि. नीतूस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझ्या उत्तराची वाट न पाहता हे लिहितेय, कारण जिवाला चैन नाही. माझी हमी मला परत घ्यावी लागतेय.

काल पैसे द्यायला गेले. त्याने ते हातात घेतलेच नाहीत, आधी बसायला सांगितलं. मग म्हणाला की ताई, मी तुम्हाला पहिल्याच दिवशी ओळखलं. मामांनी तुझ्या बायोडाटासोबत दिवाळीचा आमच्या घरचा फोटो दिला होता ना, त्यात तुझ्याशेजारी डोळे मिटलेल्या सासूबाई आहेत. फ्लॅशने त्यांचे डोळे मिटतात हे मी तोंडातून काढलं आणि तिथेच त्याला सगळं उमगलं. म्हणजे स्कार्फ बांधून मीच आपलं नाव-गाव सांगून आले होते. इतकी लाज वाटली म्हणून सांगू.

पुढे म्हणाला की त्या दिवशीचं माझं वागणं, मी तुम्हाला ओळखलं होतं हे धरूनच मोजा, आणि बहिणीला सांगाल तेव्हा हेही सांगा. मग पैसे घेतले, पावती दिली.

तुझे भाऊजी म्हणतात, परीक्षा आहे हे कळल्यावर कोणीही सज्जन होईल. तू माझ्या शब्दावर आयुष्य ठरवणार होतीस, आणि माझा शब्द असा लंगडा निघाला. आता काय करू, तूच सांग.

चुकलेल्या बहिणीवरही लोभ असू दे.

तुझी,
मंजूताई


इटियाडोह
ता. २३ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. मंजूताईस,
शि. सा. न. वि. वि.

पोस्टमनने तुझी दोन्ही पत्रं एकदमच दिली. पहिलं वाचून हसले, दुसरं वाचून मिटून ठेवलं. मग दुसरं पुन्हा वाचलं, आणि पुन्हा.

भाऊजींचं बरोबर आहे. पहिल्या दिवसाचे मार्क सगळे रद्द. पण त्याने ओळखलं होतं हे तुला कळलं कुणाकडून? तो गप्प बसला असता तर तू पैसे देऊन आली असतीस, मी हो म्हटलं असतं, आणि म्हातारपणापर्यंत कुणाला पत्ता लागला नसता. माझा होकार त्याच्या हातात आला होता, तो त्याने स्वतःहून काउंटरवर परत ठेवला. मागच्या वेळी खरं कळलं ते शेजारणीकडून. या वेळी ज्याचं नुकसान होणार होतं त्यानेच सांगितलं. ताई, मला तो आवडलाय. हे कागदावर लिहितानासुद्धा कानशिलं तापली.

तुझ्या हमीची आता गरज नाही, तेव्हा तू खुशाल झोप. त्याने मुलगी बघायला यायचं नाही, असं मामांना कळवते आहे. पुढच्या रविवारी मीच गोंदियाला येते. त्याला सरळ सांग, मुलगी मुलगा बघायला येते आहे, काही विकत घेणार नाही, आणि चहा त्यानेच ठेवायचा आहे.

कळावे. तुझ्या लोभात आता एक वाटेकरी येईलसं दिसतंय, त्याच्यासाठी थोडा बाजूला काढून ठेव.

तुझीच,
नीतू