हातावर ठेवलेली नोट

४ जानेवारी, शनिवार
नागपूरच्या संपादकांचा फोन. मार्चच्या अंकासाठी ‘टिप’वर लेख हवा. ही पद्धत आली कुठून, तिनं माणसांचं काय केलं. हलकंफुलकं लिहा म्हणाले. बघू.

दुपारभर वाचलं. जुन्या इंग्लंडात बड्या घरी जेवून निघालेल्या पाहुण्याला नोकरांच्या रांगेसमोरून जावं लागे, प्रत्येकाच्या हातावर काहीतरी ठेवत. न देणाऱ्याची टोपी पुढच्या वेळी लवकर सापडत नसे. हसू आलं. मग अमेरिकेचं वाचलं. गुलामी संपल्यावर काळ्या माणसांना हॉटेलांत ठेवून घेतलं, पगार जवळजवळ नाहीच. गिऱ्हाईक देईल तो तुमचा. तिथे हसू थांबलं.

आपल्याकडे बक्षिसी, दिवाळीची पोस्त. पोस्त देताना आई उंबऱ्याच्या आत उभी असायची, घेणारा बाहेर. तेव्हा खटकलं नव्हतं.

८ जानेवारी, बुधवार
बुधवार म्हणजे नवऱ्याच्या, विलासच्या गाडीतून नवा रायपूर. तो मंत्रालयात कामाला, मी जवळच्या रेस्टॉरंटात कोपऱ्यातल्या टेबलावर लिहीत, पाचपर्यंत. मधेच परत यायचं तर बसची वाट बघत बसा.

तिथे वाढायला सरिता असते. माझ्याहून थोडी लहान. जवळच्याच गावातली, शेत या नव्या राजधानीसाठी सरकारनं घेतलं. आज माझं डोकं दुखत होतं. न सांगता आलं घातलेला चहा आणला, एसीखालून उठवून दुसरीकडे बसवलं.

निघताना नोट घडी करून तिच्या हातावर ठेवली. “पेटी हवय ना दीदी,” म्हणाली. काउंटरवर टिपची पेटी आहे, महिनाअखेरीस सगळ्यांत वाटतात. तिच्या दुसऱ्या हातात ताटं होती. मी तिची मूठ मिटवली आणि निघाले.

पेटीत टाकली असती तर ती माझी नोट हे कुणाला कळलं असतं? गाडीत बसल्यावर हे मनात आलं. लिहून ठेवते, कारण बरं वाटत नाहीये.

१३ जानेवारी, सोमवार
छेरछेरा, इथला धान मागण्याचा सण. सकाळी मागच्या पाऱ्यातल्या, वस्तीतल्या बाया दारोदार धान मागत आमच्या चौबे कॉलनीत आल्या. सुपानं तांदूळ घातले. इथे मागणारा लाजत नाही. पीक घरात आलं, त्यात सगळ्यांचा वाटा. सरिताच्या सासूबाई या दिवशी धानाची टोपली घेऊन दारात बसायच्या, गाव येऊन घेऊन जायचं. आता द्यायला धान नाही, सरिता म्हणाली होती. अगदी सहज, प्लेट उचलता उचलता.

लेखात हे घ्यायचं. टोपीवाल्या इंग्रजांच्या आधी.

१५ जानेवारी, बुधवार
सरिता नव्हती. दुसऱ्याला विचारलं तर इकडेतिकडे बघून म्हणाला, “उनको आने से मना कर दिया है.”

मॅनेजरकडे गेले. कॅमेऱ्यात नोट खिशात टाकताना दिसली. पेटीतली टिप चोरली असं रजिस्टरात लिहिलंय. मी म्हटलं, मी दिली, पेटीतली नव्हतीच. “आप तो गेस्ट हैं मैडम, आपकी कोई गलती नहीं.” तीनदा म्हणाला. माझी चूक होऊच शकत नाही, हा नियम तिथे पक्का.

सरिताचा नंबर होता, मागे दुबराज तांदूळ आणून दिला होता तिनं. फोन केला. ताटं ठेवून पेटीत टाकणारच होती, तेवढ्यात बोलावणं आलं. माझ्यावर राग नाही. उलट पेटीची बाजू घेत होती. म्हणाली, मागे भांडी घासणारीला कोण देणार हातावर?

त्या बाईचा चेहरा मी दोन वर्षांत पाहिलेला नाही.

१६ जानेवारी
वि. म्हणे, “तू काहून पडून राहिली त्याच्यात? नोट दिली, विषय संपला.” मग थोड्या वेळानं, मंत्रालयातून एक फोन लावून देऊ का. नको म्हटलं. पुन्हा विचारलं त्यानं. पण नको.

१८ जानेवारी, शनिवार
मॅनेजरचाच फोन. “आपकी खातिर वापस रख लेते हैं मैडम. बस वो एक माफीनामा लिख दे.”

केवढा आनंद झाला. लगेच सरिताला कळवलं. ती म्हणाली, “मोर बर नौकरी झन मांगव दीदी. मैं चोरी नइ करे हंव, ओतके लिखवा दव.”

नोकरी मागू नका. चोरी केली नाही, एवढंच लिहून घ्या.

घरी सासू आजारी, दोन पोरं शाळेत, नोकरी हवीच आहे तिला. तरी. आणि मी काय घेऊन गेले होते? माझ्या खातर मिळालेली नोकरी. परत तेच, मूठ मिटवून दिल्यासारखं. लेखासाठी इतकं वाचलं, आणि हे मला तिच्याकडून कळावं.

आता माघार नाही. रजिस्टरातली ओळ खोडायची, लेखी.

२० जानेवारी, सोमवार
पत्र लिहिलं. चार ओळी, अख्खी सकाळ गेली. नोट मी दिली, ती पेटीत टाका म्हणत होती, मी ऐकलं नाही, चोरी झालेली नाही. वि.ला वाचायला दिलं. चष्मा लावून दोनदा वाचलं त्यानं. “हे ‘विनंती’ काहून? तुले माहीत आहे ना काय झालं ते? मग सांग ना सरळ.” विनंती काढली.

त्याच्याशी चार दिवस नीट बोलले नव्हते. जेवताना बोललो.

लेख पडून आहे. संपादकांना कळवलं, हलकाफुलका होणार नाही.

२२ जानेवारी, बुधवार
रेस्टॉरंटातच लिहितेय. पत्र घ्यायला मालक अकराला येणार होते, आता एक वाजतोय. सरिता समोर बसली आहे. या खुर्चीत पहिल्यांदा. निळी साडी, युनिफॉर्म पिशवीत घडी करून आणलाय: परत करायचा की घालायचा, आज ठरेल.

पाणी ठेवणाऱ्यानं मला ‘मैडम’ म्हटलं. तिला काय म्हणावं सुचेना त्याला. मग वहिनीला म्हणावं तसं “भौजी, पानी,” म्हणाला. ती हसली. ग्लासवर बोटांचे ठसे होते. बदलून आण, म्हणाली. त्यानं आणला.

मॅनेजर दोनदा येऊन गेला. मी आत केबिनमध्ये बसावं, सरितानं बाहेर थांबावं. आम्ही इथेच बरे आहोत, सांगितलं.

पत्रावर ती स्वतः सही करायची म्हणते. माझ्या नावाखाली नको, शेजारी. केली. सावकाश, पूर्ण नाव, आडनावासकट.

गाडी आली. मालक केबिनमध्ये गेले. मॅनेजर धावत आलाय. “मैडम, पहले आप.”

“नहीं. पहले ये बोलेंगी.”

सरिता उठून उभी राहिली आहे.