हवेची पिशवी

४ फेब्रुवारी, बुधवार

फार मोठी चूक झाली.

सकाळी गोवर्धननं आमच्या माजी सैनिकांच्या ग्रुपवर क्लिप टाकली. सतरा सेकंदांची. चित्रात नुसता फळा आणि एका बाईचा आवाज – ‘संरक्षणावर एवढा खर्च कशाला? हाच पैसा दवाखान्यांना का नाही?’ खाली लिहिलेलं – अमरावतीच्या प्राध्यापिकेनं केला जवानांचा अपमान.

मी चहा पीत होतो. लगेच लिहिलं – अशा बाईला वर्गाबाहेर काढा. हवालदार (निवृत्त) देवमन, अकोला.

मग पुन्हा ऐकलं. ‘कशाला’ म्हणण्याची ती तऱ्हा. तिसऱ्यांदा ऐकायची गरज पडली नाही. माधवी. माझी मुलगी.

मेसेज पुसला. तोवर छत्तीस जणांनी वाचला होता.

५ फेब्रुवारी

माधवीचा फोन. कॉलेजनं चौकशी समिती नेमली, तोपर्यंत घरी बसायला सांगितलं. काल फाटकावर तीस-चाळीस पोरं घोषणा देऊन गेली. तिनं विचारलं, “बाबा, तुमच्या ग्रुपवर आली का क्लिप?” आली म्हणालो. माझ्या मेसेजचं बोललो नाही. माझी बायको जाई बाजूला बसून माझ्या तोंडाकडे पाहत होती. तिला कळलंय.

६ फेब्रुवारी

माधवी दुपारच्या गाडीनं अकोल्याला आली. तोंड उतरलेलं, पण रडली नाही. जेवताना तिनं सगळं सांगितलं. बजेटचा तास होता. ‘एवढा खर्च कशाला’ हा प्रश्न तिनं स्वतःच फळ्यावर लिहिला, मोठ्यानं वाचला आणि मग पाऊण तास त्याचं उत्तर दिलं. खर्च लागतोच, शेजार तसा आहे. पण आपण नुसता मोठा आकडा ऐकतो अन् टाळ्या वाजवतो. आत कोणत्या गोष्टीला पहिला नंबर अन् कोणत्या गोष्टीला शेवटचा, ते विचारत नाही. विमान दिसते, बूट दिसत नाही. – एवढंच. कोणीतरी पाऊण तास कापून सतरा सेकंद ठेवले.

“तुमी वीस वर्षं होते तिकडं,” ती म्हणाली. “मी खोटं बोलली का?”

मी भाजीत मीठ कमी आहे म्हणालो. मीठ बरोबर होतं.

७ फेब्रुवारी

गोवर्धन घरी आला. वाईट माणूस नाही तो. खांद्यात अजून लोखंडाचा तुकडा आहे त्याच्या, थंडीत हात वर होत नाही. म्हणाला, “देवमनभाऊ, पुढच्या शनिवारी निषेध सभा हाये. अध्यक्ष तुमी. बापानंच म्हटलं पोरीचं चुकलं, तं सारं थंड होते. तिची नोकरीई वाचते.”

मी म्हणालो, पाहतो.

“पाहता काय? पयले तं तुमीच लिवलं.”

माधवी आतल्या खोलीत होती. दार उघडंच होतं.

तो गेल्यावर ती बाहेर आली. मीच म्हणालो, “आवाज ओळखला नव्हता.” ती म्हणाली, “दुसऱ्याची पोरगी असती तं चाललं असतं, बाबा?”

८ फेब्रुवारी, रविवार

बावीस वर्षं कुठं लिहिलं नाही. आज लिहितो. ठाण्याचं नाव मात्र इथंही नाही.

उंचावरचं ठाणं, आम्ही अकरा जण. मी तेव्हा नायक या हुद्द्यावर होतो, सामान माझ्या ताब्यात. त्यात एक हवेची पिशवी. इतक्या उंचीवर कोणाच्या फुप्फुसात पाणी भरलं की त्याला त्या पिशवीत झोपवायचं, चेन लावायची आणि पायानं पंप मारत राहायचं. आत दाब वाढतो. माणूस खाली नेईपर्यंत तग धरतो. आमची पिशवी चेनीपाशी फाटली होती. नवीन मागितली – आठ महिने उत्तर एकच, मंजुरी नाही.

मग मोठ्या पाहुण्यांची भेट ठरली. आठ दिवसांत खेचरांवरून रंग वर आला, कमानीचे लोखंडी पाइप आले, खुर्च्या आल्या. त्या सगळ्याला मंजुरी होती! भेटीआधी सामानाची तपासणी. साहेब म्हणाले, पिशवीपुढे ‘चालू स्थितीत’ लिही, नाहीतर सगळ्यांनाच त्रास. मी लिहिलं.

सतरा दिवसांनी पातूरचा कुंदन फुप्फुसात पाणी भरून पडला. एकोणतीस वर्षांचा. आम्ही फाटक्या चेनीवर चिकटपट्ट्या लावल्या आणि पाळीपाळीनं पंप मारला. हवा सूं सूं बाहेर जात होती. ढग होते, हेलिकॉप्टर येऊ शकलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

घरच्यांना कळवलं – खराब हवामान. ते खोटं नव्हतं. पण अर्धंच होतं. त्या क्लिपसारखं कोणीतरी कापलेलं. आणि कापणारा मी.

९ फेब्रुवारी

जाईला सगळं सांगितलं, सभेतही हेच बोलणार म्हणालो. ती म्हणाली, “सभेत बोलाच्या आंधी कुंदनच्या रागिणीले सांगा. दुसऱ्याच्या तोंडून नको कळाले.”

१० फेब्रुवारी

पातूर. एसटीत बसायला जागा होती, तरी अर्धा रस्ता उभाच राहिलो.

कुंदनची बायको रागिणी तिथं अंगणवाडी सांभाळते. दरवर्षी मी एकदा जातो, जेवून येतो. मुलगी नांदायला गेली, आता एकटीच असते. मला पाहून तिनं लगेच पीठ काढलं. मी म्हणालो, वहिनी, आधी बसा.

सांगितलं. तिनं विचारलं, “पिशवी चांगली असती तं वाचले असते?”

“मालूम नाई. डॉक्टर म्हणाला होता, वाचला असता कदाचित.”

“साहेबाच्या भेवानं लिवलं?”

इथंच मी पुन्हा खोटं बोलू शकलो असतो. म्हणालो, “भेव नव्हतं. माही हवालदाराची बढती होती त्या साली.”

तिनं परातीतलं पीठ परत डब्यात ओतलं.

“बावीस वर्षं माह्या हातचं जेवून राह्यले तुमी,” ती म्हणाली. “जा आता.”

११ फेब्रुवारी

दिवसभर काही खाल्लं नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

सभा झाली. साठ-सत्तर लोक, पत्रकार दोन. माधवीला येऊ नको म्हटलं होतं. ती आली. मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली.

गोवर्धननं माईक दिला. मी कुंदनचं सगळं सांगितलं – पिशवी, रंग, कमान, बढती. म्हणालो, त्या वर्षीही बजेटचा आकडा मोठा होता. रेडिओवर ऐकून आम्ही अकरा जणांनी टाळ्या वाजवल्या होत्या. कुंदननंही. पैसा कमी करा असं माझी पोरगी म्हणाली नाही. पहिले काय घेतलं ते विचारा म्हणाली. मी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

कोणी टाळी वाजवली नाही. एक जण ओरडला, “फौजेची इज्जत काढून राह्यला बुढा!” दोघं-तिघं उठून गेले. मग पुढच्या रांगेतून एक म्हातारे सुभेदार हळू उठले. मला वाटलं, आता हे मारतात. ते म्हणाले, “आमच्या ठाण्यावर दोर नव्हते,” आणि खाली बसले.

गोवर्धननं माईक बंद केला. माझ्याकडे न पाहता म्हणाला, “सभा संपली.”

बाहेर माधवी स्कूटी घेऊन थांबली होती. मी मागे बसलो. दारात उतरताना म्हणाली, “बाबा, तुमी बोलले ते बरं केलं. पण मले अजून राग येऊन राह्यला.”

येऊ दे म्हणालो.

१५ फेब्रुवारी

ग्रुपमधून काढलं.

२० फेब्रुवारी

समितीनं एका विद्यार्थिनीकडून पूर्ण तासाचं रेकॉर्डिंग घेऊन ऐकलं. माधवीला सोमवारपासून रुजू व्हायला सांगितलंय. जाईनं शेजारीपाजारी शिरा वाटला.

माधवी मात्र सकाळीच पातूरला गेली. कशाला, ते सांगितलं नाही. परत आली तेव्हा डोळे सुजलेले होते.

२८ फेब्रुवारी, शनिवार

कुंदनच्या मृत्यूची चौकशी व्हावी म्हणून रागिणी वहिनींनी दिल्लीला अर्ज पाठवायचं ठरवलंय. जबाबदार म्हणून पहिलं नाव माझं. अर्ज माधवीनं लिहून दिला. पाठवण्याआधी तिनं तो मला समोर बसवून वाचून दाखवला, कुठंही न थांबता. मृत्यूची तारीख एका दिवसानं चुकली होती. बरोबर तारीख मी सांगितली.