कपडे आत

बाबा, तुम्ही कंपनीत नेमकं काय करत होतात, असं मला परवा माजिवड्याला एका वकीलबाईंनी विचारलं. मी म्हटलं, बॉयलरवर होते. "बॉयलरवर म्हणजे काय करायचे?" त्यांनी पुढे विचारलं. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली आणि तुमच्या कामाबद्दल मला तेव्हा आठवलं ते एवढंच, की तुमच्या बनियनला कायम जळका वास यायचा आणि निवृत्तीच्या दिवशी कंपनीने दिलेलं भिंतीवरचं घड्याळ तुम्ही आईला कधी लावू दिलं नाहीत. का, ते आम्ही विचारलं नाही. आपल्या घरात विचारायची पद्धतच नव्हती.

डोंबिवलीच्या आपल्या जुन्या चाळीतल्या लोकांनी चाळीला लागून असलेल्या तुमच्या कंपनीवर दावा लावलाय. चाळीत आता दर पावसाळ्यात गुडघाभर पाणी शिरतं, आणि उन्हाळ्यात तर पत्र्याखाली दुपारी माणूस बसू शकत नाही. हवामान बिघडवण्यात ज्यांचा हात आहे त्यांनी ते निस्तरावं, असं लोकांचं म्हणणं. मला आधी हसूच आलं. आभाळावर फिर्याद करण्यातला प्रकार वाटला. वकीलबाईंना असं हसू ऐकायची सवय असावी. त्या शांतपणे म्हणाल्या, "एकट्या कंपनीने जग तापवलं असं आपण म्हणतच नाही, मॅडम. तिने तिचा वाटा लपवला, एवढं दाखवायचंय. कंपनीचे पेपर्स सांगतात, गॅसची पाइपलाइन आली त्या दिवसापासून बॉयलर फक्त गॅसवर चाललाय. चाळीतले सगळे म्हणतात कोळसा जाळायचे. पण प्रूफ काय?"

प्रूफ माझ्या बाळकुमच्या घरात, पलंगाखालच्या ट्रंकेत होतं. आईने जुनी कॅलेंडरं कधी टाकली नाहीत, कारण पानांमागे पाककृती असतात. सिलिंडर कधी लावला, माझी परीक्षा कधी, सगळं त्या चौकोनांत लिहिलेलं. आणि पाइपलाइन आल्यानंतरच्या वर्षांतही, महिन्यातून पाच-सहा वेळा दोनच शब्द: 'कपडे आत'.

मी नववीत आहे. तुम्ही सकाळी चहा पिताना, कपाकडे बघत आईला सांगता, "बुधवार-गुरुवार कपडे आत घाल." कोळशाची गाडी कधी येणार हे तुम्हाला आधी कळतं, आई लगेच पेन्सिल घेते. बुधवारी आपल्या चादरी स्वयंपाकघरात, डोक्यावर ओल्या लोंबताहेत, आणि बाहेर गॅलरीभर इतरांचे कपडे. संध्याकाळी त्यांवर काळे कण. शेजारच्या काकू पुन्हा बादली भरतात. पाणी तासभरच यायचं, त्यात त्यांना दमा. वर आईलाच म्हणतात, "तुम्हाला बरं कळतं हो वहिनी!" आई हसते. एकदा मला राहवलं नाही. दप्तर घेऊन निघताना मी ओरडून सांगितलं, "काकू, उद्या कपडे बाहेर घालू नका!" तुम्ही मला दंडाला धरून आत ओढलंत. मारलं नाहीत. "घरातलं घरात ठेवायचं," एवढंच म्हणालात, आणि उरलेला चहा मोरीत ओतलात. त्यानंतर मी काकूंना कधीच काही सांगितलं नाही. मला ते जड गेलं असंही नाही. आपले कपडे स्वच्छ होते.

कॅलेंडरं पाहून वकीलबाई बराच वेळ पानं उलटत राहिल्या. मग म्हणाल्या, "नुसती कॅलेंडरं चालणार नाहीत. आईंना हे आधीच कसं कळायचं, ते तुम्हाला प्रतिज्ञापत्रावर सांगावं लागेल." मी म्हटलं, विचार करून सांगते. खरं तर विचार करण्यासारखं काही नव्हतं. आईला कळायचं कारण तुम्ही सांगायचात, आणि तुम्हाला कळायचं कारण तो कोळसा भट्टीत तुम्ही घालायचात.

घरी येऊन आईला सांगितलं. ती मेथी निवडत होती. "गेलेल्या माणसाचं नाव कशाला गं कोर्टाच्या कागदावर? त्यांनी काय स्वतःसाठी केलं का?"

"आई, काकूंना सांगितलं असतं तर?"

"नोकरी गेली असती. तू शिकली असतीस का?" एवढं बोलून ती पुन्हा मेथीकडे वळली. एक जुडी संपवून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "काकूंच्या तेराव्याला ते जेवले नव्हते. पान तसंच ठेवून उठले." हे मला माहीत नव्हतं. ऐकून डोळ्यांत पाणी यायला हवं होतं, पण आलं नाही. मी कुकर लावला.

आज दुपारी सही केली. नोटरीच्या टेबलाशी रांग होती, माझ्या पुढे कोणीतरी भाडेकराराचे कागद घेऊन उभं. प्रतिज्ञापत्रात लिहिलंय, 'माझे वडील सदर कारखान्यात बॉयलरवर कामास होते व कोळसा जाळण्याचे दिवस ते माझ्या आईस आगाऊ सांगत असत.' सोळा वर्षांची तुमची नोकरी आणि आपलं घर एका वाक्यात बसलं. कंपनीचा वकील उद्या म्हणेल, दोषी असेल तर तो कामगार, मालकांना काय ठाऊक. तसंच ठरलं तर दोष तेवढा तुमच्या नावावर लागेल आणि मालक सुटतील. वकीलबाईंनी ही शक्यता मला आधीच सांगितली होती. तरी मी सही केली. त्या वेळी भीती, अभिमान, काहीच वाटलं नाही. शिक्का बसला, रिक्षा केली, घरी आले.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक लिहून टाकते. आई म्हणते मी धीट झाले. तसं काही नाही, बाबा. तुम्ही असतात, समोर बसून कपाकडे बघत राहिला असतात, तर मी वकीलबाईंना सांगितलं असतं की माझ्या आईला हे वासावरून कळायचं.