गाडी मऊ झाली

४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी गाडी पुन्हा डावीकडं कललेली. मागचा डावा फुगा हवा सोडतोय. बायकोला, अर्जुनाला सांगितलं तर म्हणते, "फुगा? म्हंजी जत्रंतला?" तिला समजावलं – रबराची जाड पिशवी असते, चाकाच्या वर. तिच्यातल्या हवेवर सगळी बस तरंगते. "मग बराय की, तुमी हवंवर पोट भरताय," म्हणाली. हसताना कंबर धरली.

तिला माहेरी जायचं आहे, मेढ्याला. आई अंथरुणावर आहे, ती काही इकडं विट्याला येऊ शकत नाही. आणि हिच्या मणक्यात गाठ. परवा जीपमधून दवाखान्यात नेली, तर ओढ्याजवळच्या गतिरोधकाला किंचाळली. दोन बाळंतपणांत हिचा आवाज भिंतीपलीकडं गेला नव्हता.

माझ्या गाडीत पूर्वी वऱ्हाडी गाढ झोपायचे. तेवढी मऊ करायची. एवढंच हातात आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मलकापूरला नाथाजी मिस्त्रीकडं गाडी लावली. खाली डोकावला आणि म्हणाला, "फुगं काढून पाटं टाकू गड्या. जल्माची कटकट जाईल." जुन्या गाड्यांना सगळे तेच करतात. पण लोखंडी पाट्यांवर गाडी मालट्रकासारखी आदळते. मी म्हटलं, मला माल न्यायचा नाही. मग कुणाला न्यायचंय ते सांगितलं. त्यानं तंबाखू थुंकली, चूळ भरली आणि तो गाडीखाली शिरला.

८ फेब्रुवारी, शनिवार

साबणाचं पाणी लावलं. डाव्या फुग्याच्या घडीत बुडबुडे. उजव्याचंही रबर तडकलेलं. दोन्ही नवे घालायचे. धक्के झेलणारे शॉकअपही गेलेत.

१० फेब्रुवारी, सोमवार

सगळं नवं घातलं तरी गाडी दगडासारखी! कराडच्या पुलाच्या सांध्यावर माझेच दात वाजले. परत आणली.

नाथाजी बराच वेळ खाली पडून राहिला. मग ओरडला, सापडलं! आधीच्या मालकानं गाडी मागून रुबाबदार दिसावी म्हणून फुग्यात हवा किती भरायची ते ठरवणाऱ्या वॉल्व्हची दांडी उंच बांधलेली. जुने फुगे गळके, म्हणून आजवर कळलं नव्हतं; नवे मात्र कायम तट्ट. मी म्हटलं, हवा जास्त तर मऊ जास्त ना? "उलटं हाय रं. लय हवा झाली की फुग्याचा धोंडा हुतो. त्याला दबायला जागा पायजे." दांडी खाली घेतली. गाडी हळूच खाली बसली, गाय बसते तशी.

११ फेब्रुवारी, मंगळवार

नाथाजी गाडीत मागच्या सीटवर चहाचा भरला कप घेऊन बसला. मी पाचवड फाट्यापर्यंत जाऊन आलो. थेंब सांडला नाही. उतरून म्हणाला, अर्जुनावहिनीला घिऊन जा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मेढा. अर्जुनाच्या माहेरीच लिहितो आहे.

मधल्या सीट काढून गादी घातली होती. पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये दणका कमी लागतो. राहीवहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको, तिच्या उशाशी बसल्या. साताऱ्यापर्यंत अर्जुना कण्हत होती. पदर दातांत धरलेला, मला आरशात दिसत होता. साताऱ्यात जरा उठवून बसवली, पाणी पाजलं. पुढं घाटाला लागलो आणि आवाज बंद झाला. एक मोठा खड्डा चुकला माझ्याकडून. तरी आवाज नाही. घाबरून गाडी बाजूला घेतली, धावत मागं गेलो. ती टक्क जागी!

"आवं, थांबला का? चला की. दुखायचं ऱ्हायलं बगा."

खाली उतरलो. बैलाच्या पाठीवर थोपटावं तसं फुग्यावर थोपटलं. खरसुंडीच्या नाथबाबाचं नाव घेतलं. रस्त्यात उभा राहून रडलो, लाज वाटली नाही.

आत मायलेकी एका अंथरुणावर निजल्यात. सासूबाई तिच्या तोंडावरून हात फिरवून म्हणतात, लय वाळलीस. ही म्हणते, तू काय कमी वाळलीस?

१६ फेब्रुवारी, रविवार

काल परत आलो. आज खरसुंडीला जाऊन नाथबाबाला नारळ वाढवला. नवस केला नव्हता, तरी वाढवला. अर्जुना तीन रात्री सलग झोपली. गोळीसुद्धा मागत नाही.

राहीवहिनी म्हणत होत्या, न्हाणीत नेताना पाय ओढते, अंगावर भार येतो. मी म्हटलं, एवढा प्रवास झाला, शिणवटा आहे. नाथाजीला फोन करून सगळं सांगितलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

चहाचा कप तिच्या मांडीवर लवंडला. कढत होता. ती बोलतच राहिली, माहेरच्या आंब्याला मोहोर कसा आलाय ते. वहिनींनी लुगडं सारलं तर फोड आलेला.

उद्या सांगली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टरीणबाईंनी तिच्या तळव्याला सुई टोचली. हिला कळलं नाही. गाठीनं मणक्यातली नस पार दाबली आहे, खालचं अंग बधिर झालंय, म्हणून दुखायचं थांबलं. कधीपासून, त्यांनी विचारलं. मी घाट सांगितला. "त्याच दिवशी आणायचं होतं. पाय वाचले असते कदाचित."

येताना गाडीत मागून अर्जुना म्हणाली, "एवढी सावकास कशापायी? मला काय कळतंय आता."

मी एकेक खड्डा चुकवत आणली.