मागे घ्यावा, ही विनंती

ता. ३ मार्च

चि. धाकटीस,
शालोम व अ. आ.

तुझं पत्र येऊन पडलं होतं, पण उत्तर लिहायचं त्राण नव्हतं. रविवारी आपल्या ज्यू सहाय्यक सभेची वार्षिक बैठक झाली. आजोबांपासून चालत आलेला रिवाज तुला ठाऊक आहे. अध्यक्षाने शेवटी उठायचं, वय झालं, आता मोकळं करा म्हणत राजीनामा द्यायचा. खजिनदारांनी तो मागे घ्यावा अशी विनंती करायची, बाकीच्यांनी माना डोलवायच्या आणि सगळ्यांनी चहाला जायचं. मी दरवर्षी देत आलोय.

या वेळी खजिनदारच नव्हते. मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणे नेमकं त्याच दिवशी निघालं. मी राजीनामा दिला आणि वाट बघत उभा राहिलो. कुणी उठेना. मग कमिटीवर नवीनच आलेली दंतवैद्याची सून उठली. ती परगावची, तिला रिवाज काय माहीत? तिने माझ्या सेवेबद्दल मनापासून आभार मानले आणि आता दादांना विश्रांती देऊ या म्हणाली. टाळ्या पडल्या, धाकटे. अध्यक्षपदही तिच्याच गळ्यात पडलं, कारण माझ्याखेरीज उभी तेवढी तीच होती.

चूक दुरुस्त करायला मी तोंड उघडणार होतो. पण म्हणणार काय? की मी ते खरं म्हटलं नव्हतं? तुझी वहिनी असती तर पोट धरून हसली असती. रिकाम्या घरात मला तेही जमलं नाही. सकाळी उठून कुठे जायचं, हेच आता कळत नाही.

लोभ आहे तेवढा असू दे, वाढवायचे कष्ट घेऊ नकोस.
तुझा दादा

ता. १२ मार्च

ती. दादास,
शालोम व सा. न.

वाचून वाईट वाटलं असं लिहायला हवं, पण मला हायसं वाटलं. वहिनी गेल्यापासून मी तुला इकडे राहायला बोलावतेय आणि तू दर वेळी सभा कोण बघणार म्हणून मला वाटेला लावतोस. आता ती सबब उरली नाही. उन्हाची खोली तुझ्यासाठी रिकामी केलीय, माझं शिवणयंत्र बाहेर काढलं. हे म्हणतात, दादा बुद्धिबळात हरतात म्हणून ते आले तर उत्तमच.

खजिनदारांवर मात्र राग धरू नकोस. डोळ्यांच्या दुखण्याचं काय सांगता येतं?

रुसला असशील तरी लोभात काटछाट नको.
तुझी धाकटी

ता. २० ऑगस्ट

चि. धाकटीस,
शालोम व अ. आ.

इतक्यात येत नाही. म्हटलं, ही पोरगी काय दिवे लावते ते बघावं. तिने पहिल्यांदा माझी खुर्ची व्यासपीठावरून खाली आणली. ती फिजिओथेरपिस्ट. म्हणाली, इथल्या कुणाचेही गुडघे या पायऱ्यांच्या लायकीचे राहिले नाहीत. आता सगळे गोल करून बसतात. मी आठवडाभर कुणाशी बोललो नाही.

मग तिने मला काम लावलं. दर शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा विसावा सुरू होण्याआधी एकट्या राहणाऱ्यांना फोन करायचा, ख्यालीखुशाली विचारायची. मी सभेचे जुने सभासद घड्याळजी, त्यांना फोन लावला. त्यांनी उचलल्याबरोबर विचारलं, बैठक कधी आहे? मी म्हटलं, बैठक नाही, सहज केला. ते म्हणाले, इतकी वर्षं तुझा फोन फक्त कोरम भरत नसला की यायचा.

ते मला फार लागलं. आजोबांनी सभा काढली ती परक्या गावी आलेल्या आपल्या माणसाला विचारणारं कुणी असावं म्हणून. मी मात्र बैठका सांभाळत बसलो. थकलो तोही त्यातच.

लोभ असावा, मी न आल्याचा राग नसावा.
तुझा दादा

ता. २ सप्टेंबर

ती. दादास,
शालोम व सा. न.

शिवणयंत्र परत उन्हाच्या खोलीत नेलंय. वाट बघायलाही अंगात बळ लागतं, दादा, आणि माझंही वय होतंय. आता तू येशील तेव्हा येशील.

लोभाचं मी काही वेगळं लिहीत नाही.
तुझी धाकटी

ता. ६ मार्च

चि. धाकटीस,
शालोम व अ. आ.

यंदाची बैठक काल झाली. दंतवैद्यांच्या सूनबाईला कुणीतरी रिवाज समजावला होता. ती शेवटी उठली, कामाचा भार होतोय, मोकळं करा म्हणाली. चेहरा दमलेला होता, ते काही नाटक नव्हतं. मी खजिनदारांकडे पाहिलं तर ते माझ्याकडे बघत बसलेले. दोघातिघांच्या डोळ्यांत मला दिसलं की मी नुसता गप्प राहिलो तरी खुर्ची परत माझी. क्षणभर मी राहिलोही गप्प.

मग उठलो. राजीनामा मागे घ्यावा ही सभेची विनंती आहे, असं म्हणालो. जन्मभर ऐकलेलं वाक्य पहिल्यांदाच माझ्या तोंडून निघालं. तिचे डोळे भरून आले. माना डोलल्या. आम्ही चहाला गेलो.

चहा घेताना खजिनदारांनी मन मोकळं केलं. गेल्या वर्षी त्या रविवारी ऑपरेशन नव्हतंच, ते पुढे झालं. त्या दिवशी ते घरीच खिडकीत बसून होते, कारण आदल्या दिवशी त्यांना तुझा फोन आला होता. यंदा दादाला थांबवू नका, नाहीतर तो त्या खुर्चीतच संपेल, असं तू रडत म्हणालीस म्हणे.

वर्षभर मला त्या पोरीच्या अजाणपणाचा राग येत होता. आता तुझ्यावर रागवायला हवं. ते तिकडे येऊन, निवांत बसून करीन. शुक्रवारचे फोन तिथूनही करता येतील, असं सूनबाई म्हणते.

शिवणयंत्र हलव. लोभाचं बाकी समक्ष.
तुझा दादा