काळूच्या फिल्टरातली हवा

ता. ११, सोमवार
स. साडेसहा. फिल्टर पुन्हा खर्र खर्र. आमच्या माशाच्या, काळूच्या टाकीत फुगेच फुगे, पाण्याची धार नावाला. खाली फिल्टरच्या डब्याच्या झाकणाशी थेंब. अंथरलेल्या पेपरची लापशी.
नऊला खालच्या मजल्यावरच्या हंसाबेन वर आल्या. "दादा, फरी पाणी टपके छे." पुन्हा गळतंय म्हणे. जाऊन बघितलं. त्यांच्या छताला बशीएवढा डाग. बाईंनी आवाज चढवला नाही, त्यानेच जास्त लाज वाटली.
नीलेश बूट घालता घालता : "पप्पा, थेंबे थेंबे तळे साचे, पण ते हंसाबेनच्या घरात! रविवारपर्यंत बघा. नाहीतर पर्वत पाटियाला शोभेचे मासे विकतो तो मासेवाला काळूला घेऊन जायला तयार आहे."
पोराचं काही चुकलं नाही. पण सौ. ऐकत होती.

ता. १२, मंगळ
सौ. दिवसभर टाकीसमोरच बसून. अर्धांगाचा झटका आल्यापासून तिचा उजवा हात मिटलेलाच. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला, तो कपाटावर धूळ खातोय. पण काळू, वीतभर काळा ऑस्कर मासा, वर येऊन तोंड उघडतो आणि हिची बोटं आपोआप सुटतात. दाणा पडतो. मागच्या महिन्यात सात दाणे टाकायची, आता अकरा. मासेवाल्याला काय ठाऊक!
दुपारी डबा उघडला, स्पंज धुतले, बंद केला, बटण दाबलं. मोटर नुसती गुरगुरते. पाणी नाही.

ता. १३, बुध
सापडलं! रिकामा डबा बंद केला होता. आत हवा कोंडलेली, मोटर हवाच घुसळत बसली. पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये जन्म गेला पंपांशी, 'आधी पाणी भर, मग चालू कर' असं दुसऱ्यांना ओरडून सांगितलं, आणि घरी तेच केलं. दिव्याखाली अंधार.
डबा काठोकाठ भरला, झाकण लावलं, दोन्ही नळ्या भरल्या. चालू करून डबा हळूच डावीकडे, उजवीकडे कलता केला, तान्ह्या बाळाची ढेकर काढावी तसा. ढब्ब! ढब्ब! काय धार सुटली!! काळू घाबरून मागच्या कोपऱ्यात.
थेंब अजून पडतोय. पडू दे. थोडा थेंब चांगला. मिलमधल्या पंपाच्या ग्लँडला, फिरत्या शाफ्टभोवतीच्या दोरीच्या बुचाला, थेंब पडायलाच हवा, नाहीतर शाफ्ट तापून आतली दोरी जळते. खाली थाळी ठेवली. नीलेशला तसं सांगितलं. तो म्हणाला, "तुम्हाला माहीत."

ता. १४, गुरु
सकाळी थाळी भरून वाहिली. फुगे परत आले.
चहा तसाच निवला. बसून विचार केला. ग्लँड फिरत्या शाफ्टवर असते. इथे झाकणात फिरतं काय? काहीच नाही. इथला थेंब कसला चांगला, ती तर फट! आणि मोटरची ओढ वाढली की जिथून पाणी बाहेर येतं तिथूनच हवा आत. थेंब आणि फुगे, दुखणं एकच. इतकी वर्षं डोक्यात बसलेली गोष्ट खरी होती, पण ती दुसऱ्याच मशीनची.
नीलेशला फोन केला. "माझं चुकलं रे." पलीकडून तो : "झाकणाची रबरी रिंग आणू का येताना?"
आणली. सिलिकॉनचं ग्रीसही. दुकानदाराने बजावलं, खायचं तेल लावू नका, रबर फुगेल.

ता. १५, शुक्र
नवी रिंग. ग्रीसचा पातळ हात. झाकणाच्या चारही कड्या समोरासमोरच्या जोडीने लावल्या. तरी थेंब!! कपाळाला हात.
सौ. खुर्चीतून बघत होती. दिवसाचं पहिलं वाक्य : "कुकर गळस तवय मी काय करस?"
"रिंग बदलतेस."
"रिंग नही. कड पुसस. भाताचं शीत अडकेल राहस."
रिंग काढून डबा तिच्या मांडीवर दिला. डाव्या हाताचं बोट तिने रिंगच्या खाचेतून फिरवलं, सावकाश, पूर्ण गोल. एका जागी थांबली. "हाई काय से?"
वाळूचा खडा. मोहरीपेक्षा लहान. टाकी साफ करताना मीच पाडला असणार.
मी एवढ्यांदा हसलो की नीलेश आंघोळ अर्धी टाकून बाहेर. "काय झालं?"
"मम्मीने पकडला चोर!"
सौ. : "आधी आंग पुस, तू पन गळस."

ता. १६, शनि
रात्रभर पेपर कोरडा. चोवीस तास झाल्याशिवाय बोलायचं नाही असं ठरवलंय, पण पोटात मावत नाही.
अधूनमधून एखादा बुडबुडा अजून. नळी लांब, टाकीमागे उंटासारखी पाठ वर काढून बसलेली, हवा तिथेच साचते. चार बोटं लांबीची नळी कापून टाकली. सरळ उतार. आता आवाज नाही. इतका नाही, की दोनदा वाकून बघितलं चालू आहे ना.

ता. १७, रवि
हंसाबेन लोचो, तो डाळीचा मऊ नाश्ता, घेऊन आल्या. डाग वाळतोय म्हणाल्या. काळूला पहिल्यांदा जवळून पाहिलं, "आ तो सामे जुए छे!" हा तर आपल्याकडेच बघतो, म्हणे. सौ.ने त्यांना दाणे टाकून दाखवले. बारावा सुटला नाही. तिने दोनदा प्रयत्न केला.
दुपारी मासेवाल्याचा फोन. नीलेश गॅलरीत जाऊन बोलला. एवढंच ऐकू आलं, "आज नको, सांगतो."
चारला पेपरवर शर्टाच्या बटणाएवढा ओला ठिपका.  टाकीतून हात काढून मीच तिथे टेकलो होतो बहुतेक. बहुतेक. पेपर बदलला. कोणाला बोललो नाही, पण नीलेशने पाहिलंय.
पाच. कोरडा.
साडेपाच. कोरडा.
सहाला बघायला उठत होतो. नीलेश आधीच फरशीवर पालथा, गाल पेपरला टेकवून. "कोरडा आहे. बसा पप्पा, मी आहे इथे."